जेवतांना बोलूं नये

आमच्या घरांत तीन पिढ्या चालत आलेली इस्टेट म्हणण्यासारखी फारशी नाहीं. पण तीन पिढ्या चालत आलेला एक नियम मात्र आहे. जेवतांना बोलूं नये. आमच्या आजोबांनीं तो सोंवळ्यांत पाळला, वडिलांनीं धोतर सोडून विजार पत्करली तरी पाळला, आणि आम्हीं, टेबलाखुर्चीवर बसून गप्पा मारीत जेवणाऱ्या लोकांचें वाङ्मय तीस वर्षें शिकवीत आलों असतांहि, तो पाळला. कारण विचारणाऱ्यास आमच्याकडे तीन उत्तरें तयार असत. अन्न हें पूर्णब्रह्म असल्यामुळें त्याच्यासमोर बडबड करणें हा त्याचा अपमान होय, हें धार्मिक उत्तर. बोलतां बोलतां घांस श्वासनलिकेंत जातो, हें वैद्यकीय उत्तर. आणि 'आमच्या घरीं तशी पद्धतच आहे' हें तिसरें उत्तर. तिसरें दिलें कीं पहिल्या दोहोंची गरज उरत नसे.

खरें कारण आम्हांस आमच्या आईनें फार उशिरां सांगितलें. वडील कारकुनी करीत. कचेरींत दिवसभर वरिष्ठांचें ऐकून संध्याकाळीं घरीं येत, तों दोन खोल्यांत आम्ही पांच भावंडें, एक आजी आणि शेजारच्या बिऱ्हाडाचा रेडिओ. दिवसाकाठीं अर्धा तास तरी कोणीं आपल्याशीं कांहीं बोलूं नये, एवढीच त्या बिचाऱ्यांची इच्छा होती. आणि ती पुरी होण्यास जेवणाखेरीज दुसरी वेळ नव्हती. म्हणजे या नियमाच्या मुळाशीं धर्म नव्हता कीं वैद्यक नव्हतें, थकवा होता. आमच्या घरीं खोल्या चार आणि अपत्य एकच. शांततेचा दुष्काळ आमच्याकडे कधींच पडला नाहीं. तरी नियम आम्हीं तसाच पुढें चालविला. वडिलार्जित घड्याळ बंद पडलें तरी भिंतीवरून कोणी काढीत नाहीं, त्यांतलाच प्रकार.

हें सारें आठवण्याचें कारण असें कीं, २०२५ सालच्या मे महिन्यांत आम्ही स्पेन देशांतील ग्रनादा या गांवीं पंधरा दिवस राहून आलों. आमची कन्या २०२१ च्या अखेरीस तेथील विद्यापीठांत भूकंपशास्त्राचा अभ्यास करावयास गेली. 'प्रबंध पुरा झाला कीं परत येतें' असें म्हणून ती गेली, आणि त्या शब्दावर विसंबून आम्हीं कोथरुडांतल्या घरावर एक मजला चढविला. दर रविवारीं ती दूरध्वनीवरून आपल्या आईशीं तासतासभर बोले. शेवटीं यंत्र आमच्या हातीं येई. "बाबा, बरे आहांत ना?" "हो, ठीक. तूं?" "मीहि ठीक." एवढ्यावर आमचें संभाषण आटोपे, आणि त्यांत कांहीं कमी आहे असें आम्हांस वाटतहि नसे. या खेपेस आमच्या कुटुंबाचे गुडघे धरले असल्यामुळें आम्हांस एकट्यासच जावें लागलें. निरोप देतांना कुटुंबानें एवढेंच सांगितलें, "तिथें गेल्यावर तिच्याशीं बोला बरें का." आम्हांस वाटलें, ही काय सांगण्याची गोष्ट झाली!

ग्रनादांत अल्हाम्ब्राच्या टेकडीच्या पायथ्याशीं रेआलेखो नांवाची एक जुनी पेठ आहे. पूर्वीं ती यहुदी लोकांची वस्ती होती. १४९२ च्या जानेवारींत तेथलें शेवटचें मुसलमानी राज्य फर्दिनांद आणि इसाबेला यांच्या हातीं आलें, आणि त्याच वर्षींच्या मार्चांत यहुद्यांना देशाबाहेर घालविण्याची आज्ञा याच गांवाहून सुटली. आतां त्या पेठेंत अरुंद चढाच्या गल्ल्या, खिडक्यांतून लोंबणाऱ्या फुलांच्या कुंड्या आणि विद्यार्थ्यांचीं बिऱ्हाडें आहेत. आमच्या कन्येची खोली तेथेंच एका तिसऱ्या मजल्यावर आहे.

पहिल्या संध्याकाळीं आमच्या पुणेरी पोटानें साडेसात वाजतां घंटा दिली. कन्या म्हणाली, "बाबा, अजून तासभर तरी कुणी तवा तापवायचें नाहीं." बाहेर पाहिलें तों लख्ख ऊन. मे महिन्यांत तेथें नवाच्या ठोक्याला देखील वरच्या भिंतींवर ऊन असतें. १९४० सालीं तेथल्या सरकारनें देशांतलीं घड्याळें एक तास पुढें, मध्य युरोपाच्या वेळेस, लाविलीं, तीं अद्याप मागें घेतलेलीं नाहींत. सूर्य आपल्या जुन्या वेळेनेंच मावळतो. लोक मात्र घड्याळाच्या तासानें उशिरां जेवतात. परंपरा बहुधा अशाच जन्मास येतात, हें आमच्या घरच्या नियमावरून आम्हांस तेव्हांच सुचावयास हवें होतें; पण भुकेल्या माणसास तत्त्वज्ञान सुचत नाहीं.

"आज तापा खाऊं," असें कन्येनें म्हटलें तेव्हां आमचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तापा म्हणजे स्पॅनिश भाषेंत झांकण. पेल्यांत माशा पडूं नयेत म्हणून त्यावर पावाचा तुकडा झांकीत, पुढें त्या तुकड्यावर कांहीं खाद्य ठेवूं लागले, आणि झांकणाचें जेवण झालें, अशी एक कथा सांगतात. दुसरी कथा तेराव्या आल्फोन्सो राजाची आहे. कादिझच्या किनाऱ्यावर वारा सुटला असतां त्याच्या मद्याच्या पेल्यांत वाळू जाऊं नये म्हणून खानावळवाल्यानें त्यावर मांसाचा पातळ काप ठेवला. राजानें तो खाऊन टाकला आणि 'आणखी एक पेला आण, झांकणासकट' असें फर्माविलें. खरें काय तें राजा जाणे आणि तो खानावळवाला जाणे.

कन्येनें आम्हांस नेलें तें दुकान आमच्या जुन्या वाड्यांतल्या माजघराएवढें असेल. एका बाजूस लांब लांकडी कठडा, दुसऱ्या बाजूस चार लहान टेबलें, कमरेएवढ्या उंचीपर्यंत निळ्या-पांढऱ्या फरश्या, आणि छतापासून ओळीनें टांगलेल्या डुकराच्या तंगड्या. प्रत्येक तंगडीखालीं गळणारी चरबी झेलण्यास एक छोटीशी उलटी छत्री. आम्ही जन्मापासून शाकाहारी. अंडें तेवढें कॉलेजच्या दिवसांपासून घराबाहेर खातों, आणि त्याचा उच्चार घरांत करीत नाहीं. ती ओळ पाहून आम्हीं पाऊल मागें घेतलें. पण कन्येनें आमचा हात धरून आम्हांस कठड्याच्या टोंकाशीं, भिंतीच्या कोपऱ्यांत नेऊन उभें केलें. कठड्यापलीकडचा माणूस तिला पाहतांच मोठ्यानें कांहीं ओरडला. ती त्याहून मोठ्यानें ओरडली. आमची ही मुलगी एवढ्या मोठ्या आवाजांत बोलूं शकते हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

त्या गांवची रीत अशी कीं, अन्न मागवावयाचें नसतें. पेय मागवावें, त्याच्याबरोबर खाद्याची एक बशी आपण होऊन येते, आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहींत. स्पेनच्या बहुतेक शहरांत तापाचे दाम मोजावे लागतात. ग्रनादा, आल्मेरिया अशा थोड्या ठिकाणीं ही जुनी उदारता अजून टिकून आहे. बशींत काय असावें हें मालक ठरवितो. दुसऱ्या पेल्याबरोबर दुसरी बशी, ती पहिलीहून निराळी, तिसऱ्याबरोबर तिसरी. पेय मद्यच असलें पाहिजे असें नाहीं. आम्हांस मोस्तो मिळाला. मोस्तो म्हणजे न आंबविलेला द्राक्षांचा रस. त्याच्याबरोबर मुरवलेले ऑलिव्ह आणि बटाटे घातलेल्या जाड्या आमलेटाचा एक फांकटा आला. कन्येनें आमच्या आहाराची हकीकत मालकास सांगितली असावी, कारण त्यानें आमच्याकडे जशी आजारी माणसाकडे पाहावें तशा कळवळ्यानें पाहिलें.

येथें पहिली अडचण उभी राहिली. बशी एक आणि कांटे दोन. आजूबाजूस पाहिलें तों सगळीकडे तोच प्रकार. नवरा-बायको, मित्र-मित्र, आजी-नातू, सगळे एकाच बशींत आपापले कांटे घालीत होते आणि तोच कांटा तोंडांत जाऊन पुन्हां बशींत येत होता. उष्टें-खरकटें या गोष्टींवर आमच्या आईनें आम्हांस जें शिक्षण दिलें, तें विद्यापीठाच्या कोणत्याहि पदवीपेक्षां खोल गेलेलें आहे. आम्हीं ऑलिव्ह खाल्ले, कारण ते एकेक उचलतां येतात. आमलेटास मात्र आम्हीं हात लाविला नाहीं. कन्येनें तें पाहिलें. तिनें कांहीं न बोलतां अर्धा भाग सुरीनें अलग केला आणि आमच्या बाजूस सारला. लहानपणीं आम्ही तिला आंब्याची फोड अशीच कापून देत असूं.

दुसऱ्या मोस्तोबरोबर जें आलें त्यानें आम्ही चकित झालों. वांग्याचे लांब काप पिठांत घोळवून तळलेले, आणि त्यांवर काळसर, दाट, गोड असें कांहीं ओतलेलें. बोटानें चाखून पाहिलें. काकवी! निखळ उसाची काकवी! त्या भागांतल्या समुद्रकिनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होत असे. तेथला अखेरचा उसाचा साखर कारखाना २००६ सालीं बंद पडला, पण काकवीची गोडी लोकांच्या जिभेवरून गेली नाहीं. आम्हीं त्या पदार्थाचें नांव विचारलें. 'बेरेन्खेना' असें उत्तर आलें, आणि आमच्यांतला प्राध्यापक जागा झाला. संस्कृतांत वांग्यास वातिंगण असें एक नांव आहे. तोच शब्द इराणांत बादंगान झाला, अरबांच्या तोंडीं बादिंजान झाला, आणि त्यांच्याबरोबर स्पेनांत शिरून बेरेन्खेना झाला. पोर्तुगीजांनीं त्याचाच भाऊ आपल्या बोटींतून हिंदुस्थानांत परत आणला, त्याचें 'ब्रिंजल' झालें. आमचें मराठी वांगें त्याच कुळांतलें, फक्त घर न सोडलेलें. साखरेस ते लोक 'असूकार' म्हणतात ती आपली शर्करा. संत्र्यास 'नारान्खा' म्हणतात तें आपलें नारंग.

हें सारें आम्हीं कन्येस सांगितलें. म्हणजे आम्ही जेवतांना बोललों. पण तें व्याख्यान असल्यामुळें नियमभंग झाल्याचें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. मालकानें विचारलें, तुझे वडील इतके हातवारे करून काय सांगत आहेत? कन्येनें भाषांतर केलें. शेजारच्या म्हाताऱ्यानें तें ऐकून आपल्या मित्रास सांगितलें. दोन मिनिटांत वांगें हिंदुस्थानांतून आलें कीं काय या विषयावर सबंध दुकानांत वाद माजला. तेव्हां आंतल्या स्वयंपाकघरांतून मालकाची आई बाहेर आली. ऐंशींच्या घरांतली, ठेंगणी, हात पुसतच आलेली. तिनें आम्हांस आपादमस्तक न्याहाळलें आणि एक वाक्य बोलून ती आंत गेली. सगळे हंसले. "काय म्हणाल्या आजी?" आम्हीं विचारलें. कन्या म्हणाली, "त्या म्हणतात, वांगीं खालच्या मळ्यांतलीं आहेत, आज सकाळींच आणलीं आहेत." यावर कोणत्या व्युत्पत्तिकोशाचा आधार द्यावा, हें आम्हांस सुचलें नाहीं.

त्यानंतर रोज रात्रीं आम्ही त्याच दुकानांत त्याच कोपऱ्यांत जाऊं लागलों. हळूहळू तेथल्या गोंगाटाचे वेगवेगळे धागे आमच्या कानांस कळूं लागले. तेथें कोणी एकटा बोलत नसे आणि कोणी एकटा ऐकत नसे. लेंकुरवाळ्या बायका, विद्यार्थी, कुत्र्यासह आलेला पेन्शनर, गाडींत झोंपलेलें तान्हें मूल; रात्रीचे अकरा वाजले तरी कोणास घाई नाहीं. जेवण संपल्यावरहि उठण्याचा प्रघात नाहीं; रिकाम्या बशांभोंवतीं रेंगाळत बोलत बसण्यास त्यांच्या भाषेंत 'सोब्रेमेसा' असा एक स्वतंत्र शब्दच आहे. मागितल्यावांचून हिशेब पुढें येत नाहीं. आमच्याकडे शेवटचा घांस तोंडांत असतांना पोऱ्या फडकें मारूं लागतो, आणि 'येथें फार वेळ बसूं नये' या अर्थाची पाटी डोक्यावर असते. आम्ही आजवर त्या पाटीच्या बाजूचे होतों.

चौथ्या कीं पांचव्या रात्रीं आम्हीं सहज विचारलें, "तूं तिथें दिवसभर करतेस तरी काय?" साडेतीन वर्षांत हा प्रश्न आम्हीं विचारला नव्हता, कारण 'भूकंपशास्त्र' या शब्दांत उत्तर आलें आहे असें आम्ही समजत होतों. तिनें पावाचे दोन तुकडे घेतले. "हा आफ्रिका, हा युरोप." ते तिनें एकमेकांवर दाबले; मध्यें चुरा उभा राहिला. "हे आमचे डोंगर. वर्षाला थोडे मिलिमीटर सरकतात. ग्रनादाच्या आसपास वर्षांतून शेंकडों कंप होतात, बाबा. माणसांना बहुतेक कळत नाहींत. यंत्राला कळतात. ते मोजायचे, त्यांच्या जागा काढायच्या." मग तिनें १८८४ च्या नाताळच्या रात्रीं त्याच प्रांतांत झालेल्या मोठ्या भूकंपाची हकीकत सांगितली, लोक सणाच्या रात्रीं घरांत होते, आणि डोंगरांतलीं गांवेंच्या गांवें पडलीं. आम्हांस एकदम कोयना आठवली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे पुण्यांत फळीवरचीं भांडीं कशीं वाजूं लागलीं, आणि वडिलांनीं आधीं आजीला पाठुंगळीस घेऊन अंगणांत कसें आणलें, हें आमची आई सांगत असे. तें आम्हीं कन्येस सांगितलें. ती पाहतच राहिली. "हें तुम्ही मला कधींच सांगितलें नाहीं! मी हा विषय घेतला तेव्हांसुद्धां नाहीं!" खरेंच, कां सांगितलें नव्हतें? सांगण्याची वेळ कोणती होती?

त्याच रात्रीं ती गोष्ट घडली. कन्या आपल्या कोणा मैत्रिणीविषयीं रंगांत येऊन कांहीं सांगत होती. आमचा पेला संपला होता. मालक पलीकडच्या टोंकास होता. त्याचें लक्ष वेधावें म्हणून आम्हीं उजव्या हाताची तर्जनी वर केली. तत्क्षणीं कन्या बोलावयाची थांबली. वाक्याच्या मध्यावर, शब्दाच्या मध्यावर. तिचा कांटा हवेंत राहिला आणि नजर बशीकडे वळली. अठ्ठावीस वर्षांची, परदेशांत एकटी राहणारी, चार माणसांस दरडावूं शकणारी ती मुलगी एका बोटानें आठ वर्षांची झाली.

तें बोट आम्हीं ओळखलें. तें आमच्या वडिलांचें होतें. ती लहानपणीं पानावर बसतांना कांहीं सांगावयास येई. शाळेंत कोणी काय म्हटलें, चित्राला कोणता नंबर मिळाला. आम्ही रागावत नसूं. आवाजहि चढवीत नसूं. फक्त बोट वर करीत असूं. अर्थ असा कीं, जेवण झाल्यावर. आणि जेवण झाल्यावर आम्ही उत्तरपत्रिका घेऊन बसत असूं.

"तुम्ही मोस्तो मागवत होतां होय!" ती म्हणाली आणि हंसूं लागली. आम्हीहि हंसलों. पण हंसणें लवकर संपलें. ती म्हणाली, "बाबा, मी लहान असतांना जेवतां जेवतां मनांतल्या मनांत वाक्यें जुळवून ठेवायची. जेवण झालें कीं सांगायचीं म्हणून. आमटी-भाताला एक, ताकभाताला एक. हात धुवून येईपर्यंत निम्मीं विसरायचीं." मग थोडा वेळ थांबून, "एक वाक्य मी सहा महिने जुळवते आहें. तें आतां सांगते. मला इथेंच नोकरी मिळाली आहे. मी ती घेतली आहे. मी परत येणार नाहीं. म्हणजे आतां तरी नाहीं."

अशा वेळीं बापानें काय म्हणावें याची पुस्तकांत पुष्कळ उदाहरणें आहेत, आणि त्यांतलीं कित्येक आम्हीं वर्गांत डोळ्यांत पाणी आणून शिकविलेलीं आहेत. आम्हीं विचारलें, "पगार किती?"

तिनें सांगितला. आम्हीं मान डोलाविली. मग आम्हीं विचारलें, "आईला ठाऊक आहे?"

"आईला डिसेंबरांतच सांगितलें. तुम्हांला सांगायला वेळ सांपडेना."

मालक आला, त्यानें पेला ठेवला आणि बरोबर नवी बशी ठेवली. पालक आणि हरभरे. तो आमच्याकडे एकदां, तिच्याकडे एकदां पाहून न बोलतां गेला. आमच्या डोळ्यांपुढें कोथरुडांतला तो वरचा मजला आला. पूर्वेची खिडकी, तिच्या पुस्तकांसाठीं करून घेतलेलीं कपाटें. आम्ही म्हणालों, "मग वरचा मजला भाड्यानें द्यावा लागेल." हें वाक्य आमच्या तोंडून विनोदानें गेलें कीं रागानें, हें आम्हांस आजहि ठरवितां येत नाहीं. एवढें मात्र आठवतें कीं त्यानंतर आम्ही गप्प झालों, आणि समोरच्या बशीकडे पाहूं लागलों. आमच्या घरांत दुःख, राग, लाज या सर्वांना हीच एक जागा आहे.

"बाबा," ती म्हणाली, "रागावलां असाल तर रागावलों म्हणा. पण गप्प बसूं नका. मला तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावतां येत नाहीं. कधींच आला नाहीं."

बराच वेळ गेला असावा. शेवटीं आम्ही म्हणालों, "रागावलों आहें." आणि आश्चर्य असें कीं, हा शब्द उच्चारल्यावर त्याच्या मागें दुसरे शब्द आले. मजल्यासाठीं काढलेल्या कर्जाविषयीं आलें. तिच्या आईच्या गुडघ्यांविषयीं आलें. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारींचें भय आम्हीं कुटुंबासहि कधीं सांगितलें नव्हतें, तेंहि आलें. तिनें सगळें पटवून घेतलें असें नाहीं. तीहि बोलली. पहिल्या हिवाळ्याची हकीकत तिनें सांगितली. ग्रनादा समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच. रात्रीं थंडी बोंचरी. तिच्या तेव्हांच्या खोलींत ऊब नव्हती, भाषा येत नव्हती. रोज संध्याकाळीं ती या कोपऱ्यांत एका पेल्यावर दोन तास बसून राही, कारण येथें ऊब होती आणि कोणी उठवीत नसे. एके दिवशीं आजी आंतून बाहेर आल्या आणि त्यांनीं तिच्यापुढें मसुरीच्या आमटीचा वाडगा ठेवला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां ठेवला. त्यांनींच तिला एकेक शब्द बोलावयास लाविलें. "आणि त्या रविवारीं मी फोनवर तुम्हांला म्हटलें, ठीक आहे," ती म्हणाली. "हो," आम्ही म्हणालों, "मीहि ठीक म्हटलें होतें." त्या वर्षीं आमच्या छातींत दुखून आम्ही दोन दिवस इस्पितळांत होतों, हें आम्हीं तिला त्या रात्रीं सांगितलें.

हें सर्व बोलतां बोलतां ते पालक-हरभरे संपले. कोणाचा कांटा कोठून फिरला याचा हिशेब राहिला नव्हता. उष्ट्याची आठवण आम्हांस रस्त्यांत झाली.

निघतांना आम्हीं पाकीट काढलें. मालकानें मान हालवून कन्येकडे बोट दाखविलें. तिनें आधींच पैसे चुकते केले होते. लेंकीच्या घरचें अन्न बापानें घेऊं नये, असें आमच्या आजोबांच्या काळीं म्हणत. आमच्या काळीं तसें म्हणत नाहींत. तरी पाकीट परत खिशांत घालतांना हात थोडा जड झाला. आपण पाहुणे आहों आणि यजमान ती आहे, ही गोष्ट तिच्या वाक्यापेक्षां त्या पाकिटानें आम्हांस जास्त पटविली. आजी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. आम्हीं त्यांना वांकून नमस्कार केला. त्यांना त्याचा अर्थ कळला किंवा नाहीं, देव जाणे. त्यांनीं आमच्या गालावर थोपटलें आणि कांहीं म्हटलें. कन्येनें त्याचें भाषांतर केलें नाहीं, आणि आम्हींहि मागितलें नाहीं.

आतां आम्ही पुण्यास परत येऊन बरेच महिने झाले. आल्याच दिवशीं रात्रीं पानावर बसल्यावर आम्हीं नियम रद्द झाल्याचें कुटुंबास जाहीर केलें. कुटुंबानें "बरें" म्हटलें. मग आम्ही दोघेंहि, काय बोलावें तें न सुचून, नेहमींसारखींच मुकाट्यानें जेवलों. नियम मोडण्यास एक क्षण पुरतो. बोलण्याची संवय लागण्यास वेळ लागतो, आणि आमच्याजवळ तीस वर्षांची थकबाकी आहे. तिसऱ्या दिवशीं कुटुंब एकाएकीं म्हणालें, "तुम्हांला दुधी भोपळा आवडतो का हो खरेंच? मी आपली लग्न झाल्यापासून करतें आहें." आम्हांस तो कधींच आवडला नव्हता. हें सांगण्यास तोंड उघडलें आणि पंधरा मिनिटें आमचें भांडण झालें. तें आमचें पानावरचें पहिलें संभाषण होय.

वरचा मजला अजून भाड्यानें दिलेला नाहीं. त्याविषयीं आमचें मन स्थिर झालेलें नाहीं, आणि राग पुरता गेला आहे असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. पण रविवारचा दूरध्वनि आतां आम्ही जेवणाच्या वेळींच घेतों. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, तिच्याकडे उन्हाळ्यांत साडेपांच. यंत्र पाण्याच्या तांब्यास टेकून उभें केलेलें असतें. ती आपली कॉफी घेऊन बसते आणि आम्ही आपल्या ताटावर. परवां ती कंपांच्या नव्या यंत्राविषयीं कांहीं सांगत होती, आणि आम्ही मध्यें मध्यें प्रश्न विचारीत होतों. कुटुंब म्हणालें, "अहो, आमटी निवली." आम्हीं त्यास उत्तर देण्यासाठीं बोट वर केलें, मग तें पाहून खालीं घेतलें, आणि तोंडानें म्हटलें, "निवूं दे. पुन्हां गरम करूं."